मामेसासऱ्यांची आणेवारी

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते सोळा आणे म्हणावी अशी वस्तू देवाने निर्माण केली होती की नाही, याचा निकाल अजून लागायचा होता. त्यांनी जन्मभर जे जे पाहिलं, ऐकलं, चाखलं त्या सगळ्यांना आणे दिले, पण पंधराच्या वर कुणालाही जाऊ दिलं नाही. महाकालाच्या पहाटेच्या आरतीला पंधरा, क्षिप्रेच्या पाण्याला माघात चौदा आणि श्रावणात नऊ, मामींच्या पुरणपोळीला तेरा. हे तेरा आणे त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी जाहीर केले होते, आणि पुढे चाळीस वर्षं मामी पोळी ताटात वाढताना स्वतःच म्हणत, "घ्या, तेरा आणे." मामा ती खाऊन, हात धुऊन, मिशा पुसून शांतपणे म्हणत, "कायम." एकदा एका स्नेह्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीतून उठताना त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "जिलबी बारा, मठ्ठा आठ, व्याही सहा." व्याही शेजारच्याच पाटावर होते. मामांच्या मनात वाईट काही नव्हतं. व्याह्यांची त्यांनी पाहणी केली होती आणि पाहणीचा निकाल लपवणं त्यांना गैर वाटे, एवढंच.

या सवयीचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. ते ग्वाल्हेर संस्थानात गिरदावर होते. गिरदावराने गावोगाव फिरायचं, उभं पीक नजरेने पाहायचं, भरघोस पीक म्हणजे सोळा आणे धरून यंदाचं किती आणे आलं ते लिहायचं, आणि ते चावडीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. त्यावर गावाचा शेतसारा ठरे. मामांनी हे तीस वर्षं केलं, आधी घोड्यावरून, मग सायकलवरून. मध्यंतरी संस्थान गेलं, मध्यभारत आला, मामा निवृत्त झाले, मग मध्यभारतही गेला आणि भोपाळ राजधानी असलेला नवा प्रांत आला. मामांची पाहणी चालूच राहिली. पुढे नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले तेव्हा ते आठवडाभर अस्वस्थ होते. मला म्हणाले, "जावईबापू, सोळा चार वेळा निम्मे करा, एक उरतो. साफ. शंभर करून बघा, सव्वासहा उरतात. असल्या बेढब आकड्यावर मुलूख चालेल होय?" मी संस्कृताचा मास्तर, मी नुसती मान डोलावली. मुलूख चालला, पण मामांनी शंभराशी शेवटपर्यंत बोलणं ठेवलं नाही.

नवा प्रांत झाला त्याच वर्षी आषाढात माझी पत्नी गेली. आजार तीन आठवड्यांचा होता. ती मामांची भाची, त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. तेराव्या दिवशी मामा आमच्या ओसरीवर दिवसभर बसून होते आणि त्यांनी कशालाच आणे दिले नाहीत. स्वयंपाक्याने भीत भीत विचारलं तरी नाहीत. आमची मुलगी विजू तेव्हा सात वर्षांची होती. सासूबाई लष्करहून, म्हणजे ग्वाल्हेरहून, आल्या होत्या. निघताना त्या म्हणाल्या, "पोरीला मी घेऊन जाते. तुम्ही पुस्तकात तोंड घालून बसाल आणि ती तशीच उपाशी निजेल."

मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं साधारण चौथ्या दिवशी सुचतात. विजू दाराआड उभी होती आणि तिने चौकट धरली होती, एवढं मी पाहिलं. तेव्हा मामा मध्ये पडले.

"ताई, पाहणीशिवाय निकाल नाही. मी इथंच राहतो, दर रविवारी जाऊन बघतो. होळीला तुला लिहून कळवतो, पोर इथं ठीक आहे की नाही ते."

ताईंनी मामांना आईच्या माघारी वाढवलेलं होतं. मामांचं मत त्या कधी मागत नसत, पण त्यांच्या नजरेवर त्यांचा भरवसा होता. त्या म्हणाल्या, "बघ बाबा. तू लिहिशील ते मला मान्य."

अशा रीतीने माझ्या घराची गिरदावरी सुरू झाली. दर रविवारी चार वाजता मामा येत, जोडे बाहेर ठेवत, खिशातून वही काढत आणि ओसरीपासून मोरीपर्यंत चालत जात. पहिल्या रविवारचा निकाल मला पाठ आहे. "पुस्तकं चौदा आणे. पुस्तकांवरची धूळ पंधरा आणे. पाणी भरलेलं, दहा. दूध झाकलेलं, बारा." मग त्यांनी विजूला पुढे बसवलं. तिने शुभंकरोति म्हटलं, बाराचा पाढा एका दमात म्हटला, दोन्ही हातांनी तांब्या आणून दिला. केस चापूनचोपून विंचरलेले, दोन वेण्या, रिबिनी सारख्या. मामा एकदम खूश झाले. म्हणाले, "वा! ही तर लष्करला नेण्यासारखी पोर आहे. चौदा आणे, बिलकुल चौदा!"

पुढच्या रविवारपासून मात्र पीक उतरायला लागलं. विजूचे केस झिंज्या झालेले असत, झग्याची बटणं एकाआड एक लागलेली असत, बाराचा पाढा बारा त्रिकच्या पुढे जात नसे, आणि एकदा तांब्याच मामांच्या वहीवर उलटा झाला. मामा वही झटकून, ओल्या पानावर लिहीत, "सहा आणे." मग पाच. संक्रांतीला चार. चार आणे म्हणजे दुष्काळ; चार आण्याला संस्थान साराच माफ करत असे. मला वाटे, आई नसलेलं मूल असंच होत असणार, सासूबाईंचं बरोबर होतं. आठवडाभर ती मला ठीक दिसे. माझी शाळा सकाळची, विजूची अकराची. तिची वेणी घातली जाताना मी कधी पाहिली नाही, घातलेली तेवढी संध्याकाळी दिसे. शेजारच्या काकू घालतात असं मी धरून चाललो होतो. रविवारी त्यांना सवड होत नसेल, असंही धरून चाललो होतो.

होळी महिन्यावर आली तेव्हा मामा एका संध्याकाळी अवेळी आले आणि म्हणाले, "जावईबापू, परवा एकादशी. तुम्हाला सुट्टी आहे. आपल्याला स्ट्रॉबेरी तोडायला जायचंय. पोरीला घ्या. तिची आखरी पाहणी तिथं शेतावरच करतो. घरात बसून पीक नीट समजत नाही."

या स्ट्रॉबेरीला पंचवीस वर्षांचा इतिहास होता. संस्थानी काळात एकदा कुठल्याशा छावणीत मोठ्या साहेबाची मेजवानी होती आणि तिच्यासाठी थंड हवेच्या डोंगरावरून ही फळं बर्फाच्या पेटीत आली होती. मामा तंबूच्या दाराशी सहीचे कागद घेऊन उभे होते. तबक त्यांच्या नाकाखालून आत गेलं आणि थोड्या वेळाने रिकामं बाहेर आलं. त्या दिवशी मामांनी वहीत लिहिलं: रंग चौदा आणे, वास दहा आणे, चव बाकी. मामांच्या वहीत बाकी अशी हीच एक नोंद होती आणि ती त्यांना मुरलेल्या काट्यासारखी सलत असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाईकडच्या एका दूरच्या नातलगाला पत्रांमागून पत्रं लिहिली. त्याने शेवटी कंटाळून ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोपं आगगाडीने पाठवली. ती मामांनी दसऱ्याच्या सुमाराला बडनगर रस्त्यावरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे, विहिरीजवळच्या वाफ्यात लावायला दिली. चारच दिवसांपूर्वी त्याचा निरोप आला होता की फळं लाल होत आहेत. मामांनी उलट निरोप धाडला: "एकादशीला गिरदावर साहेब फळ पाहायला येत आहेत." या निरोपात काही चुकलं आहे असं तेव्हा आम्हां कुणालाच वाटलं नाही.

एकादशीला स्ट्रॉबेरी चालते का, हा प्रश्न मामींनी काढला. मामा त्यांच्या गल्लीतल्या शास्त्रीबुवांकडे गेले. बुवांनी फळाचं वर्णन ऐकून घेतलं, ते जमिनीवर लोळतं हे कळल्यावर कंद समजावं की फळ यावर जरा विचार केला आणि म्हणाले, "ज्याचं नाव शास्त्रात नाही त्याला निषेधही नाही." मामांनी त्यांना तिथल्या तिथे तेरा आणे दिले, तोंडी.

जायचं होतं मामांच्या मोटारीतून. ही मोटार एका जागीरदाराची. जागिरी गेल्यावर त्याने घोडे विकले, हंड्या-झुंबरं विकली, आणि जी कुणीच घेईना ती ही मोटार मामांना दिली. तिचा डावा दरवाजा दोरीने बांधलेला होता आणि गाद्यांवर मामांनी भैरवगढच्या छापाचं कापड चढवलं होतं. कापड सुरेख होतं, पण रंग कच्चा लागला होता. तासभर बसलेल्या माणसाच्या धोतरावर मागच्या बाजूला लाल बुट्टे उमटत. उज्जैनात असे बुट्टे दिसले की लोक ओळखत, हा गृहस्थ गिरदावर साहेबांबरोबर जाऊन आला. मामी त्या मोटारीत कधीच बसल्या नाहीत. त्या म्हणत, "मी तेरा आण्यांची आहे ती घरात बरी आहे."

मामांचं मोटार चालवणं ही वेगळीच गोष्ट होती. त्यांनी जन्मात रस्ता असा पाहिलाच नव्हता, ते शेतं पाहत. क्षिप्रेवरचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली की त्यांची मान उजवीकडे वळे, मान वळली की हात वळत आणि हात वळले की मोटारही पिकाकडे निघे. मी "मामा, बैलगाडी" एवढं म्हणायचं काम करत होतो. माघातली सकाळ होती. गहू निसवला होता, हरभऱ्याला घाटे धरले होते, अळशीची निळी फुलं होती आणि मधूनच अफूचं पांढरंशुभ्र शेत लागे. मामा दर फर्लांगाला थांबत. "गहू अकरा. हरभरा साडेबारा. हा माणूस आळशी दिसतो, सात." विजू आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. केसांची झिंजी होती. आज झगाही उलटा घातलेला होता. शिवण बाहेर दिसत होती.

तिसऱ्या थांब्याला एक म्हातारा शेतकरी बांधावर उभा होता. मामांना पाहताच त्याने पागोटं काढलं, डोळे पुसायला सुरुवात केली आणि हाताला धरून मामांना शेताच्या अशा कोपऱ्यात नेलं जिथे पाणी साचून गहू पिवळा पडला होता. मामा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आहेत, हे त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा डोळे पुसले. परत येऊन मामा मला म्हणाले, "तीस साल मला सगळ्यांनी सडका कोपराच दाखवला. चांगलं दिसलं तर सारा वाढेल, ही भीती. मी पण कमी नाही, मी उलट टोकाला जाऊन बघून यायचो." मग मोटार सुरू करताना त्यांनी सहज विचारलं, "पोरीबद्दल तुमचं काय मत आहे, जावईबापू?"

मी म्हणालो, "ताई म्हणतील तसं."

"हे मत नाही. हा तर नुसता ठप्पा झाला."

"मामा, बैलगाडी," मी म्हणालो. खरोखरच होती.

चौदा मैल जायला आम्हाला साडेतीन तास लागले. शेतकरी आणि त्याची बायको खळ्यावर वाट पाहत होती, आणि त्यांची एक नात, विजूच्याच वयाची, बाजेच्या पायाला धरून उभी होती. शेतकऱ्याने हात जोडले होते, पण चेहरा मयताला आल्यासारखा होता. तो आम्हाला विहिरीजवळ घेऊन गेला. चार ओळी हिरव्यागार पानांच्या होत्या. पानांखाली नाकातल्या चमकीएवढी हिरवी फळं होती. लाल फळ एकही नव्हतं.

मामांच्या हातात घरून आणलेली वेताची टोपली होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"क्यों भाई? तूने तो कहा था, लाल हो रही हैं."

"पालो पड़ी ग्यो, साब," शेतकरी म्हणाला. "कईं नी बच्यो." थंडीने सगळं गेलं, काही उरलं नाही.

"और बाजूवाले बैंगन पे पाला नहीं पड़ा?"

शेतकऱ्याने वांग्यांकडे पाहिलं. वांगी चकचकीत होती. जरा विचार करून तो म्हणाला, "वी तो देसी है, साब."

मामा उकिडवे बसले आणि एकेक पान उचलून पाहू लागले. मला ठाऊक होतं, आता तासभर ते उठणार नाहीत. मी खळ्यावर येऊन बाजेवर बसलो आणि सोबत आणलेलं पुस्तक उघडलं. दोन्ही मुली माझ्यासमोरच जमिनीवर बसल्या होत्या. मी पान उलटताना मान वर केली तेव्हा विजू त्या मुलीच्या मागे बसून तिच्या केसांचा गुंता सोडवत होती. ती केस तोडत नव्हती. गाठ बोटांत धरून टोकाकडून वर येत होती, जशी तिची आई येत असे. मग भांग पाडला, तीन पेड केले आणि पाहता पाहता घट्ट वेणी खाली उतरली. मी पुस्तक मिटलं. असं मी सहसा करत नाही.

मामाही तोवर परत आले होते आणि माझ्या मागे उभे राहून तेच पाहत होते. त्यांच्या चिमटीत चार-पाच देठ होते. ते शेतकऱ्यापुढे धरून म्हणाले, "ये पाला चाकू लेके आया था क्या? डंठल ताज़ा कटा है. सुबह का."

शेतकऱ्याच्या बायकोला हसू आवरेना. "अबे बतई दो नी," आता सांगून टाका की, असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि आत जाऊन धान्याच्या कोठीमागून एक टोपलं घेऊन आली. त्यावर ओलं फडकं होतं आणि फडक्याखाली लाल, गुलाबी, अर्धवट पांढरी अशी शेरभर स्ट्रॉबेरी होती. गिरदावर साहेब फळ पाहायला येणार असा निरोप आल्यावर त्यांनी पहाटेच उठून सगळं तोडून लपवलं होतं.

"अरे, मी रिटायर आहे!" मामा मराठीतच ओरडले. "मी खायला आलो होतो, लिहायला नाही!"

"साब तो साब होवे," शेतकरी पुटपुटला.

विजू जवळ आली होती. तिने बाईला विचारलं, "छुपाया क्यों?"

बाई तिच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "अच्छो दिखे तो लिखी ले, बेटी. लिखी ले तो लई जावे." चांगलं दिसलं तर लिहून घेतात, लिहून घेतलं की घेऊन जातात.

"हाँ," विजू म्हणाली, "वो तो मुझे मालूम है."

ती हे इतक्या सहज म्हणाली की शेतकरीण पुन्हा हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी त्या मुलीच्या वेणीकडे पाहिलं, मग विजूच्या झिंजीकडे पाहिलं, मग तिच्या उलट्या झग्याकडे.

"विजू," त्यांनी विचारलं, "बारा साते?"

"येत नाही," ती ताबडतोब म्हणाली.

"गेल्या रविवारी तुझी वेणी कुणी घातली होती?"

"कुणीच नाही."

"आणि सोमवारी?"

मी मदतीला गेलो. म्हणालो, "रोज शेजारच्या काकू घालतात, मामा."

विजूने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मोठी माणसं आजाऱ्याकडे पाहतात तसं ते होतं. "काकू तर भोपाळला गेल्या," ती म्हणाली. "दिवाळीनंतरच. काकांची बदली झाली ना. मीच घालते."

शेजारच्या दाराला कुलूप आहे हे मी तीन महिने रोज पाहत होतो. कुलपाचा अर्थ काय, याचा मात्र मी विचार केला नव्हता.

मामा खाली बसले, म्हणजे अक्षरशः मातीत बसले, धोतराची पर्वा न करता. विजूचे दोन्ही हात धरून म्हणाले, "अगं, तू ऐकलंस होय ते? लष्करला नेण्यासारखी म्हणालो ते?" तिने मान हलवली. "म्हणून तेव्हापासून तू मला सडका कोपरा दाखवतेस?" तिने पुन्हा मान हलवली. मामा म्हणाले, "बाळ, तुझं गणित उलटं झालं. ह्यांचं वाईट दिसलं तर ह्यांना सूट मिळते. तुझं वाईट दिसलं तर आजी म्हणणार, पोरीचे हाल चाललेत. मग नेणार. मी होळीला तेच लिहिणार होतो."

विजू एकदम ताठ उभी राहिली आणि हात मागे बांधून म्हणाली, "बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे शहाण्णव..." आणि न थांबता बाराचा पाढा संपवला, तेराचा म्हटला, चौदाचा सुरू केला. शेतकरी, त्याची बायको, नात, सगळे ऐकत राहिले. चौदा पंचेला मामांनी तिच्या तोंडात एक स्ट्रॉबेरी घातली तेव्हा कुठे ती थांबली.

मग त्यांनी स्वतः एक घेतली. पंचवीस वर्षांची बाकी होती. मामांनी घाई केली नाही. डोळे मिटून ते बराच वेळ चघळत राहिले. शेतकरी पुन्हा हात जोडून उभा होता. मामांनी डोळे उघडले.

"साडेपाच आणे," ते म्हणाले. "आणि तेही साहेब लोकांची भीड म्हणून."

शेतकऱ्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला. साडेपाच म्हणजे साऱ्यात सूटच. त्याने धावत जाऊन आमच्यासाठी वांगी आणली, आता ती लपवायची गरज नव्हती. विजूने मात्र अकरा स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या. त्यांतल्या दोन मला दिल्या असत्या तर मला चव सांगता आली असती.

परतताना ती माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपली. ऊन उतरलं होतं. मी मामांना म्हणालो, "मामा, तिला लष्करला पाठवू नका. मला ती इथंच हवी आहे." हे उत्तर खरं म्हणजे आषाढात द्यायचं होतं. माझं चौथ्या दिवसाचं गणितही त्या वेळी चुकलं होतं. मामा समोर पाहत होते. जरा वेळाने मी म्हणालो, "मी वेणी घालायला शिकेन."

"नको," मामा म्हणाले. "तिला येते. तुम्ही फक्त ती घालत असताना समोर बसत जा."

होळीला मामांनी पत्र लिहिलं. आयुष्यभर प्रत्येक आणेवारी मोठ्याने वाचणाऱ्या मामांनी ते पत्र मला वाचून दाखवलं नाही, मामींनाही नाही. पंधरा दिवसांनी सासूबाईंचं मला कार्ड आलं. दोनच ओळी होत्या: "मुलगी तिकडेच राहू द्यावी. माझा भाऊ तुमचा झाला, असं मी समजते."

मी ते कार्ड मामांना दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि परत माझ्या हातात दिलं. "ताईचं अक्षर अजून छान आहे," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी भाऊबीजेला मामा लष्करला गेले नाहीत. जन्मात पहिल्यांदाच. दरवर्षी ते आदल्या रात्रीच्या गाडीने जात. त्या वर्षी बोलावणं आलं नाही, आणि बोलावल्याशिवाय थोरल्या बहिणीकडे जायचं कसं, हे त्यांना कळलं नाही. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. नवं धोतर नेसलेले होते. म्हणाले, "गाडीला फार गर्दी होती." मी बसा म्हणालो. आम्ही दोघेही फार बोलणारे नव्हतो, म्हणजे मी नव्हतो आणि त्या दिवशी ते नव्हते. विजू आतून निरांजन लावून ताम्हन घेऊन आली.

"अगं, भाऊबीजेला आजोबांना ओवाळत नाहीत," मामा म्हणाले. "भावाला ओवाळतात."

"मग उद्या ओवाळते," विजू म्हणाली.

"उद्या काहीच नसतं."

"मग उद्या चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मामा आमच्या दारात हजर होते. पुढे दोन वर्षांनी ताईंचा राग गेला आणि मामा पुन्हा लष्करला जाऊ लागले, पण भाऊबीजेच्या रात्रीच तिथून निघून दुसऱ्या दिवशी ते आमच्या पाटावर येऊन बसत. असं बारा वर्षं चाललं. गेल्या पौषात मामा गेले. विजू आता सासरी, नागपूरला असते. यंदा दिवाळीनंतर तिचं पत्र आलं. त्यात तिने इकडचं तिकडचं लिहून शेवटी विचारलं होतं की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे होतात. मी घरीच होतो, मामांच्या रिकाम्या पाटासमोर, असं तिला कळवलं.